वाळिंबे सरांची फिशवाईफ

इंग्रजीत रागावलं तर ते रागावणं धरत नाहीत, असं गोपाळकृष्ण वाळिंबे सरांचं ठाम मत होतं. मराठीत 'गप्प बसा' म्हटलं की भांडण होतं, तेच इंग्रजीत म्हटलं की समोरच्यावर संस्कार होतो. या मतावर त्यांनी सांगलीच्या एका हायस्कुलात निम्मी हयात काढली होती आणि मुलांनी त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. मुलांना सर काय म्हणाले तेच कळत नसे ही गोष्ट वेगळी, पण शिस्त ती शिस्त.

सर मूळचे वाईचे. विश्रामबागेतल्या एका सोसायटीत त्यांचं बैठं घर होतं आणि त्याला लागूनच निवृत्त सुभेदार हंबीरराव जमदाडे यांचं. सुभेदार कुंडलचे. गावाकडं ऊस होता, तो भावावर टाकून पोरांच्या शिक्षणासाठी शहरात आले. पोरं शिकून निघून गेली आणि सुभेदार राहिले. दोन घरांच्या मधे कमरेइतकी भिंत होती. त्या भिंतीवरून सरांच्या पत्नी पद्माताई आणि सुभेदारांच्या शालूबाई यांच्यात ताक, कढीलिंब, विरजण आणि सगळ्या सोसायटीच्या बातम्या यांची देवघेव चाले. पद्माताई बोलत अगदी हळू. त्यांनी सांगितलेली बातमी पुन्हा एकदा विचारून घ्यावी लागे. शालूबाईंना मात्र दुसऱ्यांदा विचारायची पाळी कुणावर आली नाही. पहिल्या वेळेलाच ते समोरच्या आळीला कळलेलं असे.

या भिंतीशी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी राहीबाई येई. राहीबाई भोयांची. कृष्णेच्या घाटावरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती चालत विश्रामबागेत यायची, पाटी भिंतीवर टेकवायची आणि मग शालूबाईंचं आणि तिचं जे काही सुरू व्हायचं त्याला सौदा म्हणायचं म्हणून म्हणायचं.

"ही मरळ पाटं घाटावर उड्या मारत हुती, शालूबाई."

"मग आता का मारंना?"

"तुमचा भाव ऐकून बेसुद पडली."

नेमकी हीच वेळ सरांच्या शिकवणीची. व्हरांड्यात अकरावीची मुलं बसलेली आणि कर्मणी प्रयोग चाललेला. त्या मंगळवारी सरांनी विचारलं, "चोर पोलिसाकडून पकडला जातो. आता कर्ता कोण?" मुलं एका सुरात म्हणाली, "मरळ."

सर उठले. त्यांनी उपरणं नीट केलं. उपरणं नीट केल्याशिवाय ते कधी रागावत नसत. भिंतीपाशी जाऊन, आवाज जराही न चढवता, त्यांनी अस्सल इंग्रजीत सांगितलं, "लेडीज, प्लीज. यू आर शाउटिंग लाइक फिशवाइव्ज."

दोघी गप्प झाल्या. सरांना वाटलं, संस्कार झाला. प्रत्यक्षात राहीबाईला त्या सगळ्यातला 'फिश' तेवढा कळला होता. तिनं पाटीवरचं ओलं फडकं बाजूला केलं आणि आवाज उतरवून मायेनं म्हणाली, "घ्या की सर. वैनीस्नी सांगत न्हाई मी."

मुलं हसली. ज्यांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य होता ते वाळिंबे सर मागल्या पावली व्हरांड्यात आले आणि त्या दिवसापुरता कर्मणी प्रयोग त्यांनी बंद केला.

एवढ्यावर भागलं असतं. पण शालूबाईंचे यजमान फौजेतून आलेले होते आणि फौजेत त्यांनी इंग्रजी ऐकलं होतं.

संध्याकाळी सुभेदार दारात उभे राहिले. पेन्शन आणायला जाताना घालायचा तो कोट त्यांनी घातला होता. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सर, एक खुलासा पायजे."

"विचारा ना."

"आमच्या मंडळीस्नी तुमी आज फिशवाईप म्हनला."

"म्हणजे, तसं थेट नाही..."

"फिश म्हंजे मासा. वाईप म्हंजे बायको. माशाची बायको." सुभेदारांनी क्षणभर थांबून सरांकडं पाहिलं. "म्हंजे मासा कोन? मी. सर, फौजेत सायबांनी मला काय काय म्हनलं, त्ये हितं वैनींच्या देखत सांगत न्हाई. पर मासा कुनी म्हनला न्हाई. मी कंच्या अंगानं मासा दिसतो, तेवडं सांगा. मी जातो."

सरांनी सुभेदारांकडं नीट पाहिलं. सहा फुटी सुभेदार, पल्लेदार मिशा आणि या मिशांमुळं तर ते एका विशिष्ट जातीच्या नदीतल्या माशासारखे खरोखरच थोडेफार दिसत, हे त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं. तो विचार त्यांनी निकरानं बाजूला सारला आणि शिक्षकाचा आश्रय घेतला.

"सुभेदार, जुन्या इंग्रजीत वाईफ म्हणजे बायको नव्हे. वाईफ म्हणजे नुसती बाई. नवऱ्याचा तिथं संबंधच नाही. आता मिडवाईफ घ्या. सुईणीला म्हणतात ना मिडवाईफ?"

सुभेदारांनी विचार केला. "आमच्या दवाखान्यात हुती एक मिडवाईप. ती कुनाचीच बायको न्हवती, ह्ये खरं."

"बघा. तसंच फिशवाईफ म्हणजे मासे विकणारी बाई. मासा नाही, मिशी नाही, काही नाही."

'मिशी' कुठून आली ते सुभेदारांना कळलं नाही, पण बाकीचं पटलं. त्यांनी एक खणखणीत सलाम केला आणि ते गेले. सरांनी कपाळ पुसलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पद्माताईंचा हळू आवाज आला.

"म्हणजे शालूताईंना तुम्ही मासे विकणारी म्हणालात."

"मी 'सारख्या' म्हणालो. ती उपमा आहे, पद्मा."

"उपमा आहे हे त्यांना सांगा."

सांगायची संधी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर जमदाड्यांच्या घरातल्या झाडून सगळ्या वाकळा वाळत पडल्या होत्या, आणि त्या वाळल्या तरी कुणी काढल्या नाहीत. ताक बंद झालं, विरजण बंद झालं. वाकळांच्या पलीकडून, कुणालाही उद्देशून नाही अशा तऱ्हेनं, शालूबाईंचा आवाज आला, "आमी मासळी खानारी मानसं. इकनारी न्हवं."

शुक्रवारी राहीबाई आली ती नेमकी हे वाक्य पुन्हा म्हटलं जात असताना. तिनं पाटी उतरवलीच नाही.

"खानं चांगलं आनि इकनं वंगाळ, आसं कुनी ठरिवलं, शालूबाई?" एवढंच विचारून ती तशीच पुढं गेली. त्या दिवशी सुभेदारांना पिठलं मिळालं.

सरांना आता खरोखरच धक्का बसला होता. एक शब्द. त्याचा पहिला अर्थ लावला तर सुभेदार दुखावतात, दुसरा लावला तर शालूबाई, आणि शालूबाईंची समजूत काढावी तर राहीबाई. मराठीत 'हळू बोला' म्हटलं असतं तर चार दिवसांत सगळे विसरले असते.

सोसायटीनं सल्ल्यात कसूर केली नाही. समोरचे आप्पासो मगदूम निवृत्त तलाठी. ते म्हणाले, "सर, त्या दिशी अंगात ताप हुता म्हनून सांगा. तापात मानूस काय बी बोलतो." सर म्हणाले, मला ताप नव्हता. "मग आता आना," आप्पासो म्हणाले. कोपऱ्यावरच्या बँकेतल्या गृहस्थांचं म्हणणं पडलं की दोन्ही कुटुंबांना बासुंदीचं जेवण द्यावं. पण बासुंदीवर शालूबाई येतील की नाही याची खात्री नव्हती आणि मासळीवर सरांना येता येत नव्हतं.

शेवटी सरांनी स्वतःच मार्ग काढला. इंग्रजी शब्दानं झालेली जखम इंग्रजीच्या इतिहासानंच भरून निघेल. पुढल्या मंगळवारी त्यांनी पद्माताईंकरवी राहीबाईला थांबवलं, सुभेदारांकरवी एक वाकळ बाजूला करवली, आणि स्वयंपाकघरातलं स्टूल आणून भिंतीपाशी त्यावर ते उभे राहिले.

ते व्याख्यान चांगलं झालं, असं म्हणावं लागेल. शेकडो वर्षांपूर्वी लंडनला नदीकाठी मासळीचा बाजार कसा भरे, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया गल्लोगल्ली कशा जात, त्यांना लोक या नावानं कसे ओळखत, हे सरांनी रंगवून सांगितलं. घर सांभाळणारी ती हाउसवाईफ, बाळंतपण करणारी ती मिडवाईफ, तशी मासे विकणारी ती फिशवाईफ. जुना, खानदानी शब्द.

शालूबाईंना इतिहास किती पटला हे कळायला मार्ग नव्हता, पण राहीबाईच्या पाटीत त्या दिवशी वांब मासळी होती आणि सुभेदार पाटीकडं ज्या नजरेनं बघत होते ती नजर कुठल्याही बायकोला बघवली नसती. वाकळा निघाल्या.

राहीबाईनं मात्र एकच प्रश्न विचारला. "सर, म्हंजे ह्या शब्दात नवरा न्हाईच?"

"नाही."

"आजाबात?"

"अजिबात नाही. वाईफ म्हणजे नुसती बाई."

राहीबाईचा नवरा अर्जुना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. पण रेशनला गेली की ती मयत अर्जुनाची बायको, नगरपालिकेत गेली की मयत अर्जुनाची बायको, सावकाराकडं, डॉक्टरकडं, सगळीकडं तीच. मासळी ती विकायची आणि नाव अर्जुनाचं लागायचं, जो हयात असताना एकदाही बाजारात बसला नव्हता. तिनं तो शब्द तोंडात दोनतीनदा घोळवून बघितला. "मग ह्यो माझाच शबूद हाय," ती म्हणाली आणि पाटी उचलून निघून गेली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी सरांनी स्टुलावरून सांगितली नव्हती. त्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. कर्कश, भांडकुदळ, तोंडाचा पट्टा सोडणारी बाई, हा तो अर्थ, आणि त्या मंगळवारी सकाळी सरांच्या मनात तोच होता. व्याख्यानात तो त्यांनी गिळला. सभ्य माणसानं गिळायचा असतोच. फक्त तो पचायला हवा.

शुक्रवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी आरोळी आली. "फिशवाईप आली वं, फिशवाईप."

सरांच्या हातातला खडू खाली पडला. रस्त्यापलीकडं राहणारे एक प्राध्यापक, ज्यांचं इंग्रजी सरांहून बरं होतं, ते खिडकीत आले, त्यांनी आरोळी पुन्हा ऐकली आणि तोंडावर रुमाल धरून आत गेले. सर त्या दिवशी त्यांच्या घरावरून जायचं टाळण्यासाठी लांबच्या रस्त्यानं शाळेत गेले.

मग प्रकरण नगरपालिकेत पोचलं. घाटाजवळ मासळी विकणाऱ्या बायकांसाठी पत्र्याचं छप्पर घालून ओटे बांधलेले होते. बांधून झाले होते, जाळीच्या दाराला कुलूपही लागलं होतं, आणि बायका त्या कुलपासमोर रस्त्यावर उन्हात बसून मासे विकत होत्या. कारण ओटे मंडळाला द्यायचे असं ठरलेलं आणि मंडळच नव्हतं. राहीबाईनं घाटावरच्या बायकांना गोळा केलं, मंडळ केलं, आणि अर्जावर नाव घातलं, 'फिशवाईफ महिला मंडळ, सांगली'. शब्द कुणी दिला असं विचारल्यावर तिनं सरांचं नाव सांगितलं. अशा रीतीनं सर एका सकाळी हेडक्लार्क गुंडा चौगुले यांच्या टेबलासमोर, भोयांच्या बायकांच्या घोळक्यात, अंग चोरून उभे होते.

"नाव मराठीत करून आणा," चौगुले म्हणाले. "कारभार मराठीत करायचा आदेश आहे."

ही सुटकेची वाट होती आणि सरांनी ती झडप घालून धरली. "मत्स्यविक्रेत्या महिला मंडळ," ते म्हणाले.

राहीबाईनं मागं वळून बायकांना ते म्हणायला सांगितलं. पहिलीची जीभ 'विक्रे' पाशी अडकली, दुसरी हसायला लागली. "आमच्या तोंडात बसत न्हाई," राहीबाई म्हणाली.

"मत्स्यस्त्री करा की," चौगुल्यांनी सुचवलं.

"ती कमरेखाली मासा असते," सर म्हणाले.

"बरं, मत्स्यभार्या?"

"नको," सर घाईनं म्हणाले. "सुभेदार आहेत शेजारी."

चौगुल्यांना यातलं काही कळलं नाही, पण जेवणाची सुट्टी जवळ आली होती. "मग राहू दे इंग्रजी. पण शब्द सभ्य आहे असं एखाद्या जाणकारानं लिहून द्यायला हवं. उद्या कोण म्हणेल अश्लील आहे, तर माझ्या अंगावर नको." आणि त्यांनी कोरा कागद सरांपुढं सरकवला.

सरांनी बायकांकडं पाहिलं. सगळ्या त्यांच्याकडं बघत होत्या. राहीबाईनं त्या दिवशी नवं लुगडं नेसलं होतं. सरांनी लिहिलं, सदर शब्द जुना व सभ्य आहे, आणि खाली नाव, एम.ए., बी.टी. आयुष्यात प्रथमच सहीचा शेवटचा फाटा वाकडा आला.

अर्ज मंजूर होऊन यायला दोन उन्हाळे गेले, आणि मग ओट्यांची फीत कापायला साताऱ्याहून मासळीखात्याचे साहेब येणार असं ठरलं. ही बातमी आप्पासोंनी आणली आणि वर पुरवणी जोडली, "साहेब लय इंग्रजी हाय म्हनं. जेवताना बी पुस्तक इंग्रजीच लागतं."

सरांचं जेवण सुटलं. डोळ्यांसमोर दृश्य उभं राहिलं: साहेब नावाच्या पाटीवरचा पडदा ओढतात, पाटी वाचतात आणि भर मांडवात हसतात. सगळ्या बायकांदेखत. मग कुणीतरी विचारणार, का हसलात, आणि साहेब सांगणार. नाही, हे थांबवलं पाहिजे. साहेबांना आधीच भेटून, शब्दाचा इतिहास समजावून, न हसण्याची विनंती केली पाहिजे. सर दुसऱ्या दिवशी रजा टाकून एस.टी.त बसले. कऱ्हाडला गाडी बदलली तेव्हा पुढच्या गाडीत उभं राहावं लागलं आणि साताऱ्यापर्यंत एका कोंबडीवाल्याच्या टोपल्यावर हात टेकून ते इंग्रजी वाक्यं जुळवत राहिले.

साहेब सभ्य निघाले. चहा मागवला. टेबलावर खरंच एक जाड इंग्रजी कादंबरी होती. सरांनी सुरुवात केली, जुन्या इंग्रजीपासून. मिडवाईफ सांगितली, लंडन सांगितलं, आणि मग खाकरून म्हणाले, "कालांतरानं या शब्दाला थोडी वाईट छटा आली. आपल्याला ती ठाऊक असेलच."

"नाही बुवा," साहेब म्हणाले. "मी आपला खुनाच्या गोष्टी वाचतो. काय छटा?"

सरांना तेव्हाच उठून यायला हवं होतं. पण विद्यार्थ्यानं विचारलं की सांगायचं, ही सवय जुनी. त्यांनी सांगितलं.

"म्हणजे शिवी आहे."

"पूर्णपणे नाही."

"अर्धी?"

"उत्तरार्धात," सर म्हणाले.

साहेबांनी कादंबरीत खूण घालून ती मिटली. "बरं झालं सांगितलंत. मी आपला फीत कापून मोकळा झालो असतो. सरकारी ओट्यावर शिवी. छे छे. बरं झालं."

सर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून पद्माताईंनी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "काय, झालं काम?"

"खुलासा झाला," सर म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून निजले.

समारंभाच्या दिवशी घाटाजवळ छोटा मांडव पडला होता. कुलूपबंद ओट्यांवर पाटी लागलेली, पाटीवर पांढरं कापड. भोयांच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून पुढं बसल्या होत्या. शिस्तीचं काम सुभेदारांनी आपणहून घेतलं होतं आणि ते मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उगीचच चालत होते. शालूबाई आणि पद्माताई शेजारीशेजारी बसल्या. सरांना व्यासपीठावर खुर्ची दिली होती, शब्दाचे जाणकार म्हणून. त्यांनी ती जितकी मागं सरकते तितकी सरकवली.

साहेब बोलायला उठले. कृष्णामाई, सहकार, स्वच्छता हे सगळं झाल्यावर ते म्हणाले, "मात्र एक गोष्ट खेदानं सांगावी लागते. मंडळाचं जे नाव आहे ती इंग्रजीत शिवी आहे. भांडखोर, तोंडाळ बाईला तो शब्द वापरतात. वाळिंबे सरांनी स्वतः साताऱ्याला येऊन हे माझ्या नजरेला आणलं, त्यांचे आभार. तेव्हा नाव बदला, नवा अर्ज करा, तो मंजूर होऊन आला की किल्ली मिळेल." आणि त्यांनी किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

नव्या अर्जाला किती दिवस लागतात हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पहिल्यालाच दोन उन्हाळे लागले होते. राहीबाई उठून उभी राहिली. साहेबांकडं तिनं पाहिलंही नाही.

"सर, शिवी हाय?"

सरांनी उपरण्याला हात घातला, पण ते नीटच होतं. "आहे," ते म्हणाले. "आधी नव्हती. मी सांगितलं तेही खरं आहे, राहीबाई. बाजारात आवाज चढवल्याशिवाय गिऱ्हाईक वळत नाही, म्हणून त्या बाया मोठ्यानं बोलायच्या. ज्यांना ते खपलं नाही त्यांनी त्या नावाची शिवी केली."

"कुनी?"

"माझ्यासारख्यांनी," सर म्हणाले.

राहीबाई खाली बसली. ती काही बोलली असती तर सरांना बरं वाटलं असतं. साहेब घड्याळ बघून उठले, हेडक्लार्क चौगुले त्यांची फाईल सावरू लागले, ड्रायव्हरनं जीप सुरू केली.

तेवढ्यात आवाज आला.

"ओ साहेब. किल्ली ठेवा खाली."

तो आवाज असा होता की, पत्र्यावरची कबुतरं उडाली, आणि सुभेदार होते त्या जागी टाचा जुळवून ताठ उभे राहिले. ड्रायव्हरनं जीप बंद केली. सरांना वाटलं, भोयांतली कुणीतरी आहे, आणि आता मारामारी होणार. त्यांनी मान उंचावून बघितलं. उभी राहिलेली बाई नऊवारीत नव्हती. साडी ओळखीची वाटली. गेल्या दिवाळीला आपणच आणलेली, हे सरांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

पद्माताई चालत व्यासपीठाशी आल्या. "शब्द यांनी दिला," त्यांनी सरांकडं बोट केलं, "सही यांनी केली, साताऱ्याला हे गेले. दंड करायचा तर यांना करा. या बायकांनी काय केलंय? ओटे बांधलेत ते काय कबुतरांना अंडी घालायला? दोन उन्हाळे यांनी डोक्यावर पदर ओढून रस्त्यात काढलेत. तुम्ही बसा एक दिवस, पाटी घेऊन बसा. मासा नासायला किती वेळ लागतो ते तुम्हाला खात्यात असून कळलेलं नाही."

"बाई, जरा हळू बोला," साहेब म्हणाले. ते खरोखरच एक पाऊल मागं सरले होते.

"हळूच बोलत होते," पद्माताई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून हळूच बोलतेय. कुणी ऐकलंय?"

साहेबांनी सरांकडं पाहिलं. सरांनी नदीकडं पाहिलं.

आता शालूबाई उठल्या. "किल्ली ठेवा म्हनलं न्हवं का वैनींनी?" मग राहीबाई उठली, मग तिच्या मागची, मग सगळ्या, आणि त्यानंतर कोण काय म्हणत होतं हे वेगळं काढणं अशक्य होतं. फक्त 'किल्ली' हा शब्द अधूनमधून वर येत होता.

वाट काढली ती गुंडा चौगुल्यांनी. ते साहेबांच्या कानाशी वाकून म्हणाले, "साहेब, किल्लीची फाईल वेगळी आहे आणि नावाची वेगळी. किल्लीची मंजूर आहे. नावाची बघू सावकाश." साहेबांनी इतक्या कृतज्ञतेनं कुठल्याच हेडक्लार्ककडं आजवर बघितलं नसेल. किल्ली खिशातून निघाली. राहीबाईनं ती घेतली, कुलूप उघडलं, आणि बायका भाषण, फीत, हार कशाचीही वाट न बघता आत शिरून आपापल्या जागा धरू लागल्या. सावलीत बसायची कुणालाच सवय नव्हती. पहिल्यांदा सगळ्या दाराशीच दाटीवाटीनं बसल्या.

पाटीवरचं कापड दोन दिवसांनी वाऱ्यानं उडालं. नावाची फाईल सावकाश चालली होती, ती निकाली निघेपर्यंत पाटीला हात लावायचा नाही असा शेरा पडला, त्यामुळं 'फिशवाईफ महिला मंडळ' ही अक्षरं लाल रंगात तशीच राहिली. नाव बदलायचं का, असं सरांनी एकदा चाचरत विचारलं. राहीबाई म्हणाली, "वराडलो म्हनून किल्ली मिळाली. आता नाव बदललं तर खोटं पडंल." सरांशी ती बोलली एवढंच त्यांना पुष्कळ वाटलं.

पद्माताईंचा आवाज मात्र त्या दिवशी जो बसला तो उठेना. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. घशातून नुसती हवा यायची. आयुष्यभर जिला हळू बोल म्हणून कधी सांगावं लागलं नाही, ती आता मुळीच बोलेना, आणि घरातली ती शांतता सरांना पहिल्याच दिवशी सोसेनाशी झाली. पद्माताईंची सोय शालूबाईंनी केली. पद्माताई भिंतीशी जाऊन त्यांच्या कानात पुटपुटत आणि शालूबाई तो निरोप पोचवत. पोचवत म्हणजे सगळ्या विश्रामबागेला.

"सर, वैनी म्हंत्यात, बंबात जाळ घाला."

"सर, वैनी म्हंत्यात, तुमचा सदरा उलटा हाय."

शुक्रवारी शिकवणी चालू होती. भिंतीपलीकडं पद्माताईंची बराच वेळ पुटपुट झाली, मधे एकदा शालूबाई "आसं इचारू?" असं म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज आला.

"सर, वैनी इचारत्यात, त्यो तुमचा शबूद त्यास्नी लागू पडतो का?"

मुलं सरांकडं बघायला लागली. समोर आप्पासो अंगणात उभे राहिले, प्राध्यापकांची खिडकी उघडली. सर उठून व्हरांड्याच्या कडेला आले.

"कुठल्या अर्थानं?"

कुजबुज झाली. "वैनी म्हंत्यात, तुमीच सांगा."

हे हळू सांगून भागणार नव्हतं. भिंत कमरेइतकीच होती, पण मधे सुभेदारांचा बंब धडधडत होता. सरांनी श्वास घेतला आणि मराठीत, होता नव्हता तेवढा आवाज काढून सांगितलं, "दोन्ही अर्थांनी पडतो."

भिंतीपलीकडं पुन्हा कुजबुज झाली. मग शालूबाई म्हणाल्या, "वैनी म्हंत्यात, बरं."